खाकरून जायची वाट

चिचबोडीच्या तलावाची पाळ चढायच्या आधी गड्यामाणसानं खाकरायचं, ही रीत कोणी घालून दिली ते कोणालाच सांगता यायचं नाही. पाळीच्या पलीकडे, पिंपळाखाली, बायकांचा घाट. घाट म्हणजे काही बांधलेला नव्हे. चार-सहा सपाट दगड आणि एक तिरका मोठा खडक. तिथं बायका धुणं धुवायच्या, अंग धुवायच्या, डोकं घासायच्या आणि घरच्या माणसांचीही यथेच्छ धुलाई करायच्या. भिंत नाही, दार नाही, तट्ट्याचा आडोसासुद्धा नाही. तरी त्या घाटावर कोण्या बाईला कधी उघडं वाटलं नाही. कारण गडीमाणूस पाळीच्या अलीकडे खाकरायचा आणि थांबायचा. पलीकडून "थांबा जी" आलं, तर तिथंच टेकून बिडी ओढायचा. "जा" आलं, की मान धानाच्या बांध्यांकडे वळवून चालू लागायचा. म्हाताऱ्यांच्या मानेला त्याच बाजूचा बाक आला आहे, असं बायका हसून म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

टेकचंद वलथरेचं खाकरणं सगळ्यांत मोठं. पिंपळावरचे बगळे उडायचे.

"आले व तुझे, सीता," शेजारची पार्वताबाई म्हणायची. "पोरं झोपली असतील गावातली, उठून बसतील."

मग सीताबाई, टेकचंदची बायको, तोंडातली मिसरी थुंकून ओरडायची, "थांबा जी!" कधी कधी थांबायची काही गरज नसायची. सगळ्या नेसून, केस बांधून बसलेल्या असायच्या. तरी ती त्याला थोडा वेळ थांबवायची. घरात तिचं कोण ऐकतं, इथं तरी ऐकलं पाहिजे, असा तिचा हिशेब. टेकचंदला तो ठाऊक होता आणि तो थांबायचा. पंचवीस-तीस वर्षांचा संसार बऱ्यापैकी याच्यावर चालला होता.

त्या वर्षी चैत संपता संपताच तलाव आटत चालला. पावसाळ्यात मच्छीमार संस्थेनं रोहू-कतल्याचं बीज सोडलं होतं, ते आता हातभर वाढून पाळीजवळच्या डोहात गोळा झालं होतं. पाणी कमी आणि मासोळी दाट, म्हणजे चोराला आयतंच ताट वाढलेलं. सकाळी डोंगा घेऊन जावं तर काठच्या चिखलात परक्या पावलांचे ठसे, तुटलेल्या जाळ्याचा दोरा, खवले. वर्षभर राखलेला माल कोणीतरी रातोरात उचलून नेत होतं. संस्थेचे सोळा सभासद, सोळा घरं. आळीपाळीनं पहारा ठेवून पाहिला. पहारेकऱ्याला डास चावले, पण चोर काही सापडला नाही.

संस्थेचा सचिव टेकचंद. सभेत त्यानंच विषय काढला. "कॅमेरा बसवू. तुमसरले राइस मिलवर बसवला हाय तसा. घरी बसून पाहाचा."

अध्यक्ष पुंडलिकराव म्हातारे. त्यांनी विचारलं, "त्याले राती दिसते का गा?"

"दिसते म्हंते."

कमलेश संस्थेतला सगळ्यात तरुण सभासद. तुमसरला मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं काढून आलेला. फोनातलं सगळं त्याला कळायचं. तो म्हणाला, "काका, सीमकार्डवाला येते. सोलरवर चालते. साऱ्यायच्या फोनात दिसन."

ठराव झाला. तुमसरहून माणूस आला. पिंपळाच्या जरा पुढं, पाळीवर लोखंडी खांब रोवला, वर सौरपत्रा, त्याखाली पांढरा डोळा. भर दुपारची वेळ. ऊन असं की पाळीवरची माती पायाला चटके देत होती, आणि तलावावर चिटपाखरू नव्हतं. त्या माणसानं फोन टेकचंदसमोर धरला. डोह दिसत होता, पलीकडचा काठ दिसत होता, आणि खालच्या कोपऱ्यात काही दगड.

"इकडचा कोपरा थोडा येऊन राहिला, भाऊ. चालते ना?"

टेकचंदनं पाहिलं. "गोटे होय ते. राहू दे. डोह सुटला नाई पायजे."

बाकीच्यांनीही वाकून पाहिलं. हो, गोटेच. सोळाच्या सोळा गडी त्याच तलावावर लहानाचे मोठे झालेले, पण एकालाही ते दगड ओळखू आले नाहीत. येतील कसे? लहानपणी आईच्या बोटाला धरून गेले असतील तेवढंच. मिसरूड फुटल्यापासून त्या बाजूला कोणाची मानच वळली नव्हती. ज्या खडकावर आपली बायको रोज बसते तो खडक टेकचंदनं पन्नाशी गाठेपर्यंत धड पाहिला नव्हता. रीत इतकी इमानानं पाळली की तिनंच घात केला.

संध्याकाळी सीताबाई भात वाढता वाढता म्हणाली, "त्या खांबावरून घाट दिसत नाई न?"

"नाई व. पान्याकडं तोंड हाय त्याचं."

"पाहिले तुमी?"

"मीच त लावलो. मी नाई पाहीन त कोन पाहीन?"

तिनं त्याच्या ताटात झिंग्याची भाजी वाढली आणि विषय संपला. पहिले काही दिवस घाटावरच्या बायका खांबाकडे पाठ करून बसल्या. मग धुण्याला ते सोयीचं पडेना, आणि दिवसामागून दिवस त्या विसरल्या. माणूस येतो तेव्हा खाकरतो, मग त्याला थांबवता येतं. कॅमेरा खाकरला नाही, म्हणून त्याला कोणी "थांबा" म्हटलं नाही.

आता सीताबाईचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ती बाजू कापून काढावी लागली. गाठ वेळेत सापडली म्हणून निभावलं, रोज एक गोळी तेवढी सुरू राहिली. गावात सांगितलं, पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन. मुलगी खुशबू तेव्हा बारावीला होती, तिलाही तेच सांगितलं. ती आता तुमसरला मावशीकडे राहून कॉलेज करत होती.

लाज होतीच. पण लपवायचं मोठं कारण बाजार होतं. सीताबाई बुधवारी तुमसरच्या रस्त्यावरच्या बाजारात बसायची. पावशीच्या पात्यावर मासोळी अशी कापायची की काटा बोटाला लागू नये आणि पित्त फुटू नये. लोक तिच्याकडेच यायचे. पण गावातल्या एका बाईला क्षय झाला तेव्हा काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या बाईची टोपली आठवड्यामागून आठवडे जशीच्या तशी घरी परत यायची. शेवटी तिनं बाजार सोडला आणि पुढं जगही सोडलं. आजाऱ्याच्या हातची मासोळी कोण घेतो?

टेकचंदला ठाऊक होतं. आणि घाटाला ठाऊक होतं. दवाखान्यातून आल्यावर सीताबाई पहिल्यांदा घाटावर गेली, तेव्हा लुगडं नेसूनच पाण्यात बसली. पार्वताबाई तिच्यामागं येऊन उभी राहिली.

"ओलं लुगडं अंगावर ठेवशीन त खाज सुटन. काढ."

सीताबाई हलली नाही. पार्वताबाईनं पदर आपल्याच हातानं बाजूला केला. पाहिलं. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. धुणं आपटायचं थांबलं.

"दुखते काय?"

"आता नाई."

"मंग कायले भेते?" असं म्हणून पार्वताबाईनं तिच्या पाठीवर तांब्या ओतला. धुणं पुन्हा सुरू झालं. त्या दिवसापासून तिरका खडक सीताबाईचा झाला. आणि एवढी मोठी बातमी त्या घाटावरून पाळ ओलांडून गावात आली नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी चिचबोडीला येऊन पाहावं.

वैशाखात एका सकाळी डोहातलं संस्थेचं मोठं जाळंच कापलेलं निघालं. अर्धं जाळं आणि त्यातला माल गायब. पण आता कॅमेरा होता. चोरी रात्रीची, म्हणून दिवसाचं चित्र आजवर कोणी उघडून पाहिलं नव्हतं. सगळ्यांना जरा आनंदच झाला म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी सोळाही जण कमलेशच्या घरी जमले. त्याच्या घरी मोठा टीव्ही. फोन टीव्हीला जोडला की सगळ्यांना एकदम दिसणार. कमलेशच्या आईनं चहा ठेवला. पुंडलिकरावांना खुर्ची, बाकीचे सतरंजीवर. टेकचंद सगळ्यात पुढं, टीव्हीच्या हाताभर जवळ. कॅमेऱ्याचा ठराव त्याचा होता.

रात्रीचं चित्र आलं. काळं. नुसतं काळं. मधेच एक उजेड हलल्यासारखा झाला आणि गेला.

"चोर कोनता होय यातला?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"थांबा आबाजी, मांगं नेतो. दिवसा कोनी पाहाले आला असन त दिसन." कमलेश बोटानं चित्र मागं सरकवू लागला. पहाट गेली, रात्र गेली, आदल्या दिवशीची संध्याकाळ गेली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं घाईनं तो कापला, आणि चित्र जिथं होतं तिथं चालू झालं.

ऊन होतं. कोपऱ्यातल्या दगडांवर बायका होत्या. तिरक्या खडकावर एक बाई पाठमोरी बसून केस पिळत होती. केस पिळून झाल्यावर तिनं ते झटक्यानं उजव्या खांद्यावर टाकले. टेकचंदनं ती लकब ओळखली. तो काही बोलायच्या आत ती बाई वळली.

डावी बाजू सपाट होती. काखेपासून मधोमधपर्यंत आडवा, गुलाबी व्रण.

घरी ती अंधारात लुगडं बदलायची. दोन वर्षांत टेकचंदनं तो व्रण उजेडात पाहिला नव्हता. पाहिला तो असा, पंधरा माणसांच्या सोबत.

मग पुंडलिकराव खाकरले. मोठ्यानं, पाळीवर खाकरतात तसे. आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांचं ऐकून दुसरा खाकरला, तिसरा खाकरला. एकेकानं मान फिरवली, कोणी दाराकडे, कोणी छताकडे. टीव्हीतली बाई आपल्या तंद्रीत अंग पुसत राहिली. तिला काहीच ऐकू गेलं नाही.

कमलेशच्या हातून बंद होईना. शेवटी त्यानं तारच ओढली.

पुंडलिकराव म्हणाले, "आपन काही पाहिलो नाई. कोनी पाहिला काय?"

"नाई जी."

"टेकचंद, घरी जाय बापू."

टेकचंद घरी गेला. सीताबाईनं विचारलं, "सापडला का चोर?"

"काळं दिसते," तो म्हणाला आणि तसाच आडवा झाला. सांगावं असं त्याला खूप वाटलं. पण कसं सांगायचं? आणि सांगून काय, असंही वाटलं. माणसं घरचीच, शब्द दिलेला. कॅमेऱ्याचं तोंड त्यानं दुसऱ्या दिवशी काठीनं वर ढकलून दिलं, आभाळाकडे. मनाशी म्हणाला, झालं. पण असं होत नसतं. सोळा फोनांत ते चित्र महिनाभर दिसत होतं. कोणी कधी घरात फोन ठेवून गेला असेल, कोण्या भाच्यानं, कोण्या पाहुण्यानं उघडला असेल. कोणी काढलं, कधी काढलं, ते आजपर्यंत कळलेलं नाही. निघालं आणि फोनाफोनांतून फिरू लागलं एवढं खरं.

बुधवारी सीताबाई बाजाराला निघाली. टेकचंदनंच टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली. रोहू ताजा होता, कल्ले लालबुंद. तिनं पावशी मांडली, पानं अंथरली, पाणी शिंपडलं.

लोक येत होते, पाहत होते आणि पुढं जात होते. पलीकडच्या बाईकडे गर्दी झाली. सीताबाईला वाटलं, तिनं भाव पाडला असेल. तिनंही पाडला. तरी कोणी बसेना. शेवटी नेहमीची मास्तरीणबाई आली. दर बुधवारी अर्धा किलो, डोकं वेगळं, असं ठरलेलं. सीताबाईनं न विचारताच मासा पावशीकडे नेला.

"आज नको," मास्तरीणबाई म्हणाली. बोलताना तिची नजर सीताबाईच्या तोंडावर नव्हती, पदरावर होती. "तू आराम कर न बाई. कायले बसते उन्हात?"

सीताबाईचा हात आपोआप डाव्या बाजूला गेला. ब्लाउजमधली कापडाची घडी जागेवर होती. मग ही अशी काय पाहते? ती गेल्यावर सीताबाईनं आजूबाजूला पाहिलं. दोन पोरी तिच्याकडे पाहत होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. उन्हानं माशांचे डोळे पांढरे पडत चालले. तिनं टोपली झाकली, तशीच डोक्यावर घेतली आणि घरची वाट धरली.

अंगणात खुशबू बसली होती. अवेळी, कॉलेज सोडून. टेकचंद पलीकडे जाळ्याच्या फाटल्या जागा विणत होता. मुलगी आल्यापासून त्यानं मान वर केली नव्हती.

"तू कवा आली व?" सीताबाईनं टोपली उतरवली.

खुशबूनं विचारलं, "माय, पित्ताची पिशवी कोन्या बाजूले राह्यते?"

सीताबाई टोपलीवरचं फडकं सारखं करू लागली.

"उजव्या बाजूले राह्यते. मी सायन्सची पोरगी होय. मले तवाच समजाले पायजे होता." तिच्या हातात फोन होता. "मले काहून नाई सांगितलं? वर्गातल्या पोरीनं दाखवलं मले. तिले मालूम अन् मले नाई."

"काय दाखवलं?"

खुशबूनं फोन पुढं केला नाही. सीताबाईनं तो तिच्या हातातून घेतला. माशांच्या चिकट्यानं काच ओली झाली, ती पदरानं पुसली आणि पाहू लागली. स्वतःला बाहेरून असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिरका खडक. मागं पार्वताबाई साडी पिळते आहे. आपण किती निवांत बसलो आहोत, हेच तिला आधी दिसलं. मग तिनं फोन जरा लांब धरला. खडक असा कुठून दिसतो, हे तिला कळलं. पाळीवरून. खांबावरून.

"तुमाले मालूम होता?"

टेकचंदची सुई थांबली.

"कवापासून?"

"शनवारपासून."

"शनवारपासून," ती म्हणाली. "अन् आज टोपली डोक्यावर तुमीच देली. मले तसंच बाजारात जाऊ देलं."

एवढं बोलून ती आत गेली. रडली नाही, आदळआपट केली नाही. टोपलीतली मासोळी उकिरड्यावर पुरली, चूल पेटवली, भात टाकला. पण त्या घडीपासून ती टेकचंदशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि खुशबूला म्हणायची, "बाबाले सांग जेवाले." तो तीन हातांवर बसलेला असायचा.

टेकचंदनं दुसऱ्या सकाळी डोक्याला दुपट्टा बांधला आणि संस्थेच्या एकेका घराची पायरी चढला. प्रत्येक घरी हात जोडले. "बापू, फोन दाखव. असन त मिटवून टाक." कोणी शपथा घेतल्या, कोणी फोनच हातात दिला. त्याला त्यातलं काय कळत होतं? तो नुसता हातात धरून परत द्यायचा. दारात त्या घरच्या बायका उभ्या असायच्या. घाटावर त्याही होत्या. ते चित्र एकट्या सीताबाईचं नव्हतं, हे त्याला त्या दारांत उभं राहून कळलं, आणि हात जोडायचे ते मग त्यानं त्यांच्याकडेही जोडले.

कमलेश म्हणाला, "काका, मी त त्याच दिवशी उडवलो. पन माया उडवल्यानं काय होते? ज्याच्याकडं गेला त्यानं पुढं धाडला असन."

"त्याचं घर सांग मले. मी जातो."

"कोनाकोनाचं सांगू? तुमसर झालं, भंडारा झालं. मंग कुठं जासान?"

टेकचंद त्याच्या ओट्यावर बसला. लांब चिखला गावच्या मँगनीज खाणीत त्याचा भाऊ कामाला होता, तिथपर्यंत पायी जाऊन आलेला माणूस तो. वाट असती तर तो गेला असता. ज्या गोष्टीला वाटच नाही तिथं जायचं कसं, हे त्याला उमगेना, आणि तो पोरासारखा रडला. कमलेशनं पाणी आणून दिलं.

तिथून टेकचंद शिडी घेऊन पाळीवर गेला. आभाळाकडे पाहणारा कॅमेरा काढू लागला. पुंडलिकराव काठी टेकत आले.

"संस्थेचा माल होय तो, टेकचंद. ठरावाबिगर काढता येत नाई."

"मायावर ठराव घ्या."

पुंडलिकरावांनी काठी बाजूला ठेवली आणि शिडी धरली. "हळू उतर," म्हणाले.

कॅमेरा उतरला, पण घाट काही भरला नाही. बायका बोअरिंगवरून पाणी आणून घरामागं लुगड्याच्या आडोशानं अंग धुऊ लागल्या. त्या पाण्याला गंजाचा वास, साबणाला फेस नाही. सीताबाईच्या पाठीवर तांब्या ओतायला आता कोणी नव्हतं. गडी मात्र सवयीनं पाळीखाली खाकरायचे, थांबायचे. पलीकडून ना "थांबा" यायचं, ना "जा". शेवटी ते पाळ सोडून बांध्यांतून लांबचा फेरा घेऊन डोहावर जाऊ लागले. रिकाम्या घाटावरून जायला कोणाचे पाय उचलेनात.

बुधवार आला. सीताबाईनं टोपली भरायला घेतली तेव्हा टेकचंद म्हणाला, "मी येतो संगं."

तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं. खुशबू मात्र कॉलेजला गेली नाही, आईच्या मागं मागं बाजाराला गेली.

पावशी मांडली. पानं अंथरली. लोक आले, पाहिलं, पुढं गेले. मास्तरीणबाई लांबूनच वळली. ती वळलेली पाहिली आणि सीताबाईला काय झालं कोण जाणे, ती उठून उभी राहिली.

"ओ बाई! इकडं पाहा!"

बाजारातले लोक थांबले. खुशबूनं आईचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"छाती कापली माही. हो, कापली. रोग होता म्हनून कापली. हात नाई कापले." तिनं दोन्ही हात वर केले, मनगटापर्यंत खवले चिकटलेले. "दोन वरसं झाली त्याले. दोन वरसं याच हाताची मासोळी खाल्ली तुमी. कोनाले काही झालं का? सांगा, झालं का?"

मास्तरीणबाईचं तोंड लाल झालं. ती दोन पावलं पुढं आली आणि पुन्हा थांबली.

मीठ-मिरची घ्यायला आलेली पार्वताबाई गर्दीतून वाट काढत आली आणि टोपलीसमोर फतकल मारून बसली. मजुरीवर जगणारी बाई, सणावारीच मासोळी घ्यायची. "पावभर दे," म्हणाली. "कापून दे. अन् हात कापू नको, वरडून राहिली तेवढी."

सीताबाई खाली बसली. मासा सरळ कापला गेला. त्या दिवशी अर्धी टोपली खपली. अर्धी परत आली. घरी येताना खुशबूनं ती आपल्या डोक्यावर घेतली, आणि वाटेत आईला विचारलं, "दुखते काय व माय?" सीताबाई म्हणाली, "आता नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकचंद आणि चार-पाच जण डोहाकडे निघाले. आदल्या संध्याकाळी जाळी लावून ठेवलेली. व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर यायची होती, आणि वैशाखाच्या उन्हात जाळ्यात अडकलेला मासा फार टिकत नाही. लांबच्या फेऱ्याकडे वळण्याआधीच, पाळीच्या पायथ्याशी, टेकचंदचे पाय थांबले. पलीकडून धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

त्यानं घसा साफ केला. पुन्हा खाकरला. बगळे काही उडाले नाहीत, पण धुण्याचा आवाज थांबला.

उत्तर आलं नाही.

टेकचंद खाली बसला. बाकीचेही बसले. कोणी बिडी काढली, पण पेटवली नाही. ऊन पिंपळाच्या शेंड्यावरून खाली उतरत आलं. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, पुन्हा सगळं चूप.

"काका," कमलेश हळूच म्हणाला, "जाऊ न आता? मासोळी मरन. कोनी 'थांबा' त म्हनलं नाई."

"'जा' बी म्हनलं नाई."

रस्त्यावर व्यापाऱ्याच्या गाडीनं हॉर्न दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. एकजण अर्धवट उठला आणि टेकचंदकडे पाहून परत बसला. टेकचंदची नजर मातीत होती. आज ती काहीच बोलली नाही, तर उद्याही इथंच येऊन बसायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आणि मग पाळीच्या पलीकडून आवाज आला. जुनाच, चढा, मिसरी थुंकून मारलेला.

"थांबा जी!"

पाठोपाठ बायका हसल्या. नक्कीच त्या सगळ्या नेसून, केस बांधून बसल्या होत्या. गाडीनं शेवटचा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. कमलेशनं डोक्याला हात लावला. टेकचंदनं दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"थांबलो व," तो ओरडला, आणि मान धानाच्या बांध्यांकडे वळवून बसून राहिला.